नवा ऑक्सिजन सेन्सर बसवूनही दिवा का पेटतो?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे आठ वर्षांची, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी छोटी गाडी आहे. दोन महिन्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा पी०१३१ आणि पी०१७१ असे दोन कोड आले. मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर खराब झाल्याचे सांगून नवा कंपनीचा सेन्सर बसवला, पण दहा दिवसांत दिवा पुन्हा लागला आणि कोड तेच निघाले. पेट्रोलवर पूर्वी लिटरला १५ किलोमीटर मिळत, आता १२ मिळतात. प्लग काळे पडले आहेत. दिवा सीएनजीवरही लागतो. आश्चर्य म्हणजे पीयूसीच्या तपासणीत गाडी व्यवस्थित पास झाली आणि पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) व एचसी (न जळलेले इंधन) दोन्ही अगदी कमी आले. मेकॅनिकने स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम मला लिहून दिला आहे : उभ्या गाडीत अधिक २४ टक्के, आणि २५०० आरपीएमला अधिक ७ टक्के. सकाळी गाडी चालू केली की एक-दोन मिनिटे टिकटिक आवाज येतो, तो टॅपेटचा असावा. नवा सेन्सरही खराब निघाला असे समजावे काय?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सप्रेम नमस्कार. नवा सेन्सर खराब निघाला असे मला वाटत नाही, आणि जुनाही बहुधा ठीक होता. तुम्ही इतक्या बारकाईने लिहिले आहे की निदानाचा बराचसा भाग पत्रातूनच पुरा होतो.

आधी हा सेन्सर काय सांगतो ते पाहू. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची सिरॅमिक नळी असते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा असते, दुसऱ्या बाजूला इंजिनातून निघालेला धूर, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर ती थोडासा व्होल्टेज निर्माण करते. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. उरला नसेल तर तो ०.९ पर्यंत चढतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मिश्रण सतत झुलवत असतो, त्यामुळे निरोगी सेन्सरचा आकडा तापलेल्या इंजिनात सेकंदाला एकदा तरी, बहुधा त्याहून जास्त वेळा, वरखाली होत राहतो. तुमच्या गाडीतला पी०१३१ म्हणजे पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज कमी राहतो आहे, आणि पी०१७१ म्हणजे ईसीयूच्या मते मिश्रणात इंधन कमी पडते आहे. दोन्ही कोडांचा अर्थ मिळून एवढाच, की सेन्सरजवळून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो तिथे कुठून आला, हे कोड सांगत नाही. कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सर बदलण्याची घाई आपल्याकडे फार होते, आणि तिचा भुर्दंड तुमच्यासारख्या ग्राहकाला पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमची लक्षणे एकत्र ठेवू. ईसीयूला ऑक्सिजन जास्त दिसतो म्हणून तो इंधन वाढवतो. फ्युएल ट्रिममधले अधिक २४ टक्के म्हणजे हीच वाढ. साधारणपणे हा आकडा उणे १० ते अधिक १० च्या आत असला की चिंतेचे कारण नसते. इंजिनाला खरोखरच इंधन कमी पडत असते, तर या वाढीने ती तूट भरून निघाली असती आणि प्लग काळे पडले नसते. तुमचे प्लग काळे आहेत आणि ॲव्हरेजही घटले आहे. म्हणजे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात इंधन जास्त जाते आहे आणि सेन्सर मात्र त्याच्या उलट बोलतो आहे. (नुसते काळे प्लग पाहून मी एवढ्या खात्रीने लिहिले नसते, कारण रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे प्लगही काळे पडतात, पण इथे ट्रिम आणि ॲव्हरेज दोन्ही त्याच बाजूने बोलतात.) दिवा सीएनजीवरही लागतो, त्यामुळे पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर यांच्यावरचा संशय दूर होतो, कारण सीएनजी या वाटेने जातच नाही. सेन्सरची वायर कुठे घासून बॉडीला लागली असती, तर व्होल्टेज सगळ्या आरपीएमला तळाशी चिकटून राहिला असता आणि ट्रिम वेग वाढवल्यावर २४ वरून ७ वर आला नसता.

सर्वांत मोलाची वस्तू तुमची पीयूसीची पावती आहे. सेन्सर स्वतःच चुकीचे सांगत असता, तर जास्तीच्या इंधनाचा सीओ धुरात उतरला असता आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो जाळण्यापुरता ऑक्सिजन मिळाला नसता. पावतीवर सीओ वाढलेला दिसला असता. एखादा सिलिंडर मिसिंग करत असता तर एचसी वाढला असता. तुमचे दोन्ही आकडे कमी आहेत. याचा मेळ एकाच गोष्टीशी बसतो : सिलिंडर आणि सेन्सर यांच्या दरम्यान कुठून तरी बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये शिरते आहे. ती सेन्सरला ऑक्सिजन दाखवते, आणि पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये तोच जास्तीचा सीओ जाळून टाकते. गळतीतून धूर बाहेर येतो हे सर्वांना पटते, पण हवा आत कशी जाते असे वाचकांना वाटेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की पाइपमध्ये दाबाचा धक्का येतो आणि त्यामागोमाग क्षणभर दाब उतरतो. त्या क्षणी फटीतून हवा ओढली जाते. उभ्या गाडीत धुराचा प्रवाह मंद असल्याने या हवेचा वाटा मोठा ठरतो आणि वेग वाढला की तो कमी होतो. तुमचे २४ आणि ७ हे आकडे या समजुतीला धरून आहेत.

आणि मग ती सकाळची टिकटिक. मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या पाइपचे, पॅकिंग उडाले असेल किंवा मॅनिफोल्डला तडा गेला असेल, तर थंड इंजिनात नेमका असाच आवाज येतो. धातू तापून फुगला की फट आकसते, आवाज थांबतो, पण थोडी हवा शिरतच राहते. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा एका गाडीत आधी दोन सेन्सर बदलून झाले होते. मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे झाकण काढले, तेव्हा शेवटच्या बोल्टपाशी पॅकिंगच्या कडेने काजळीची बोटभर लांब रेघ दिसली. तो बोल्टच तुटलेला होता.

तुमच्या मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, सेन्सरची परीक्षा. इंजिन चांगले तापवून स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज लावावा, २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरावे, मग पॅडल एकदम दाबून सोडावे. दाबताच इंधन वाढते आणि आकडा ०.८ च्या वर गेला पाहिजे; सोडल्यावर ईसीयू काही क्षण इंधन बंद करतो, तेव्हा आकडा झटकन ०.१ च्या जवळ उतरला पाहिजे. असे झाले तर सेन्सरवर आणखी एक रुपयाही खर्च करू नये. तुमच्या गाडीइतक्या जुन्या गाडीत बहुधा हाच साधा सेन्सर असतो. काही नव्या गाड्यांत वाइडबँड प्रकारचा असतो, आणि त्याला हे आकडे लागू पडत नाहीत.

दुसरी, गळतीचा शोध. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडावी आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर, सेन्सरच्या बुडाशी व पहिल्या फ्लँजपाशी (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडापाशी) साबणाचे पाणी लावावे. फट असेल तिथे बुडबुडे येतील. पॅकिंग नवे टाकताना बाजारातली साधी सिलिकॉनची पेस्ट मात्र लावू देऊ नका. तिची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि त्याला कायमचे निकामी करते. एके काळी शिसेयुक्त पेट्रोलही हेच करत असे. ते २००० साली देशभर बंद झाले, पण सिलिकॉनची ट्यूब अजून प्रत्येक गॅरेजच्या फळीवर असते.

पीयूसी पास झाली म्हणून हे काम लांबवू नका. जास्तीचे इंधन रोज कन्व्हर्टरच्या आत जळते आहे आणि त्या उष्णतेने आतली जाळी वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, त्यामुळे तिच्या किमतीपुढे पॅकिंगचा खर्च काहीच नाही. दुरुस्तीनंतर कोड पुसून साठवलेला ट्रिम रीसेट करून घ्या आणि आठवड्याने उभ्या गाडीतला आकडा पुन्हा पाहा.

प्रश्न : जुलैच्या पावसात आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले होते आणि त्यातून मला गाडी काढावी लागली. दुसऱ्या दिवसापासून पी०१३५ कोड येतो. सेन्सर बदलावाच लागेल का?
– एक वाचक, सायन

उत्तर : हा कोड सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटचा आहे. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय सेन्सर नीट काम करत नाही, म्हणून त्याला लवकर तापवायला हीटर दिलेला असतो. तो बंद असला तरी गाडी चालते, पण इंजिन चालू झाल्यावर बराच वेळ ईसीयूला सेन्सरचा भरवसा धरता येत नाही आणि तेवढे इंधन वाया जाते.

आधी फ्यूज पाहा, कारण पाण्याने शॉर्ट होऊन तो उडालेला असणे अगदी शक्य आहे. मग सेन्सरचा कनेक्टर काढून आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला आहे का ते पाहा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा एकाच रंगाच्या दोन वायरी असतात, त्या हीटरच्या. इंजिन थंड असताना त्यांच्यामध्ये मल्टीमीटर लावून रेझिस्टन्स मोजा. काही ओहम आले तर हीटर शाबूत आहे आणि दोष फ्यूज, वायरिंग किंवा कनेक्टरमध्ये शोधावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आहे, आणि मग सेन्सर बदलण्याला पर्याय नाही. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडून त्याला आतून तडा जाणे हे मुंबईच्या पावसात नवल नाही. मोजमाप फक्त या दोन वायरींचे करा. सिग्नलच्या वायरीवर रेझिस्टन्स मोजू नका. कनेक्टर कोरडा करताना त्यात ग्रीस किंवा स्प्रे भरू नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतल्या पोकळीतूनच घेतात आणि ती वाट बंद झाली तर चांगला सेन्सरही चुकीचे आकडे देऊ लागतो.