अदृश्य वॉटरमार्क टाका, पण रॉ फाईल आधी सांभाळा

भाऊ, रामकुंडावरच्या आरतीच्या तुमच्या फोटोचा लोगो कापून कुणीतरी तो फ्लेक्सवर लावला आणि आता तुम्ही अदृश्य वॉटरमार्कचं, म्हणजे फोटोत डोळ्यांना न दिसणारी खूण लपवणारं, सॉफ्टवेअर शोधताय हे वाचलं आणि राहवलंच नाही, नांदूरमध्यमेश्वरला काढलेल्या माझ्या एका पक्ष्यांच्या फोटोचं सेम हेच झालं होतं.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फक्त एलएसबीवालं नको. ते पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये खूण लपवतं, पीएनजीत राहते पण जेपेग केलं की गेली, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर फोटो दाबतंच. डीसीटी किंवा डीडब्ल्यूटीवालं बघा, ते बिटऐवजी फोटोच्या फ्रिक्वेन्सीत खूण लपवतं. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या ब्लॉकमधले अगदी बारीक तपशील आधी उडवतं, म्हणून खूण मधल्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे ना फार ढोबळ ना फार बारीक तपशिलांत, बसवतात, तिथे ती बऱ्यापैकी टिकते. खुणेचा जोर फार वाढवू नका, सपाट आकाशात नाहीतर धुक्यात लगेच दाणे दिसायला लागतात. आणि फ्लेक्सचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो टाकून खूण निघेल ही आशा सोडा, साध्या पद्धती क्रॉप आणि रिसाईझलाच हार मानतात.

पण खरी अडचण पुढेच आहे. माझा फोटो एका कार्यालयाच्या माहितीपत्रकावर आला होता, नाव नाही घेत. त्यांचीच पीडीएफ उतरवून त्यातून माझा आयडी, म्हणजे खुणेत लपवलेली माझी ओळख, काढून दाखवला, तर साहेब म्हणतात सॉफ्टवेअर तुमचं, लॅपटॉप तुमचा, आम्ही कशावरून मानायचं? मग या टेबलावरून त्या टेबलावर, आवक-जावकला अर्ज द्या, पोच घ्या, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी ना पैसे ना नाव. एवढ्या पहाटे उठून, चिखलात बसून काढलेला फोटो, अजून राग येतो. तरी त्यांच्या शंकेत तथ्य होतं हे मान्य करायला पाहिजे, कारण माझ्या खुणेवर दुसराही स्वतःची खूण चढवू शकतो, आणि आधी कुणाची ते खूण सांगत नाही.

म्हणून माझं ठाम मत, वॉटरमार्कने चोरी तुम्हाला कळते, समोरच्याला पटवायला रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल, लागते. त्याच आरतीच्या आगेमागच्या फ्रेमसुद्धा डिलीट करू नका, त्या चोराकडे असूच शकत नाहीत. रॉ फाईलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलच्या बोटाच्या ठशासारखा कोड, काढून त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवा, म्हणजे तारीख राहते. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो.

मी वकील नाही, विचारून घ्या, पण कॉपीराइट कायद्यात २०१२ ला आलेलं कलम ६५ब पण दाखवा, मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकली तर २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर अजून एक, पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे ऑर्डर देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. दोन ओळींचा का होईना, करार कराच.

पुढे सिंहस्थाचे फोटो देताना प्रत्येक क्लायंटला वेगळा आयडी टाका, नाव नको, छोटा नंबर पुरतो, आणि नंबर कुणाचा ते वहीत लिहा, म्हणजे फाईल कुणाकडून फुटली ते कळतं. आयडी एडिटिंग संपल्यावर, ज्या साईझला देणार त्याच साईझवर टाका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःच्या दुसऱ्या नंबरला पाठवून तो परत निघतो का ते आधी बघा.

आत्ता फ्लेक्स उतरायच्या आत आजूबाजूच्या दुकानांसकट त्याचे फोटो काढून घ्या. आणि आरतीची रॉ फाईल आहे का तुमच्याकडे, की कॅमेरा फक्त जेपेगवर होता? ते सांगा, पुढचं त्यावर ठरेल.