शीट धुण्याचे मशीन, सही केलेला रिपोर्ट आणि अडवलेले वीस टक्के

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचा शीट मेटलचा लहान कारखाना असून चौदा कामगार आहेत. सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी पत्र्याच्या) शीटपासून विजेच्या पॅनेलचे बॉक्स बनवून आम्ही त्यांना पावडर कोटिंग करतो. शीटवरचे तेल काढण्यासाठी बँकेचे कर्ज काढून परराज्यातील एका उत्पादकाकडून 18 लाख 40 हजार रुपयांचे (जीएसटी वेगळा) शीट वॉशिंग मशीन घेतले. 2 जूनला बिल झाले, 3 जूनला मशीन आले. 9 जूनला त्यांच्या इंजिनियरने पाच शीट चालवून दाखवल्या आणि ‘काम समाधानकारक’ असे लिहिलेल्या कमिशनिंग (मशीन चालू करून दिल्याच्या) रिपोर्टवर मी सही केली. पुढच्या दोन-तीन दिवसांत लक्षात आले की तासाभरानंतर शीट तेलकट निघतात आणि दोन्ही कडांना पाणी राहते. 14 जूनला व्हॉट्सॲपवर फोटोंसह तक्रार केली. इंजिनियर दोनदा येऊन गेला, पण फरक पडला नाही. 146 बॉक्सचे कोटिंग सुटले म्हणून गिऱ्हाइकाने ते परत पाठवले. शेवटचे 20 टक्के, म्हणजे 3 लाख 68 हजार रुपये, मी थांबवले आहेत. आता ऑक्टोबरात उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली चक्रवाढ व्याजासह वसूल करू. मशीन परत करता येईल का? ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत जावे का? लेखी तक्रार न करता सही करून बसलो, ही माझी चूक झाली का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. ‘लेखी तक्रार केली नाही’ असे तुम्ही म्हणता, पण पत्रासोबत पाठवलेल्या छायाप्रतीत 14 जूनचा तुमचा संदेश मला दिसतो : “मशीन पीओप्रमाणे काम करत नाही, शीटला तेल राहतंय, हे असं चालणार नाही, आधी दुरुस्त करून द्या.” (पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर.) त्याखाली त्यांचे उत्तर आहे : “पुढच्या आठवड्यात हीटर बदलून देतो.” माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 4 प्रमाणे एखादी गोष्ट लेखी असावी असे कायदा सांगत असेल, तर पुन्हा पाहता येईल अशा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ती असली तरी पुरते. म्हणजे तुमची तक्रार लेखीच आहे, आणि ती मशीन मिळाल्यापासून अकराव्या दिवशी केलेली आहे.

हा अकरावा दिवस फार मोलाचा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 च्या कलम 2 मध्ये अशी तरतूद आहे की खरेदीदाराने माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत स्वीकाराबाबत लेखी हरकत घेतली असेल, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केली तो दिवस स्वीकाराचा दिवस धरला जातो. हरकत घेतलीच नसेल, तर माल मिळाला तोच दिवस धरला जातो. नोटिशीत ज्या व्याजाचा धाक आहे, ते कलम 16 चे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढीने चालते, आणि त्याची सुरुवात या स्वीकाराच्या दिवसावरूनच मोजली जाते. हरकत अजून दूर झालेली नसेल, तर व्याजाचे घड्याळ सुरूच झालेले नाही, ही तुमची पहिली भूमिका राहील. समोरचे वकील म्हणतील की 9 जूनच्या सहीनेच स्वीकार पूर्ण झाला आणि 14 जूनचा संदेश ही केवळ सर्व्हिसची विनंती होती. हा युक्तिवाद अगदी पोकळ नाही. पण ‘पीओप्रमाणे काम करत नाही’ हे तुमचे शब्द आणि हीटर बदलून देण्याचे त्यांचे आश्वासन, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने जातात.

म्हणून आजच एक काम करा. तो फोन जपून ठेवा, बदलू नका, त्या संभाषणातले संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर बंद करा आणि संपूर्ण संभाषण फोटोंसह बाहेर काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा दाखल करताना विहित नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलीत बदल झालेला नाही हे दाखवणारी तिची सांकेतिक ओळख) लिहावी लागते आणि तुमच्याखेरीज तज्ज्ञाचीही सही लागते. नुसते स्क्रीनशॉट छापून आणणारे पक्षकार मी नेहमी पाहतो, आणि नेमका कामाचा पुरावा तिथेच अडकतो.

आता मशीन परत करण्याबद्दल. हा आग्रह तुम्ही सोडून द्यावा, असे मला वाटते. वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 42 प्रमाणे खरेदीदाराने माल स्वीकारल्याचे कळवले, किंवा नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असे मानले जाते. तुम्ही चार महिने मशीन वापरता आहात आणि ‘घेऊन जा’ असे एकदाही लिहिलेले नाही. शिवाय मशीन बँकेकडे तारण आहे, त्यामुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते कारखान्याबाहेर काढले तर एका वादाचे दोन वाद होतील. वर एमएसएमई कायद्याखालच्या स्वीकाराबद्दल मी तुमच्या बाजूने बोललो आणि इथे उलटे बोलतो आहे असे वाटेल, पण दोन कायद्यांतल्या स्वीकाराच्या कसोट्या वेगळ्या आहेत आणि उत्तर लिहिताना त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतील.

माल स्वीकारला म्हणून हक्क संपत नाही. वस्तुविक्री कायद्याच्या कलम 16 प्रमाणे वस्तू कोणत्या कामासाठी हवी आहे हे खरेदीदाराने विक्रेत्याला सांगितले असेल, त्याच्या कौशल्यावर विसंबून ती घेतली असेल आणि तशा वस्तू पुरवणे हाच विक्रेत्याचा धंदा असेल, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. तुमच्या पीओत शीटची जाडी आणि रुंदी दिलेली आहे आणि ‘पावडर कोटिंगसाठी तेलविरहित व कोरडी शीट’ असे स्वच्छ लिहिले आहे. यापेक्षा चांगले वाक्य वकिलालाही सुचले नसते. स्वीकारानंतर या अटीचा भंग कलम 13 प्रमाणे हमीचा भंग म्हणून वागवला जातो आणि मग कलम 59 लागू होते : खरेदीदार तो भंग पुढे करून किंमत कमी करून मागू शकतो, प्रसंगी राहिलेली किंमत पूर्णपणे नाकारू शकतो, आणि नुकसान त्याहून जास्त असेल तर भरपाईही मागू शकतो. तुमचा खरा हक्क हा आहे. तो धरला तर अडवलेले 20 टक्के ही थकबाकी राहत नाही, ती वादातली रक्कम होते.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशेब मांडतो. 146 बॉक्सचे कोटिंग काढून पुन्हा करण्याचा खर्च दर बॉक्सला 650 रुपये धरून 94 हजार 900 रुपये होतो. हीटरची क्षमता वाढवणे आणि शीटवरचे पाणी निपटणारे रबरी स्क्वीजी रोलर बदलणे यासाठी गोकुळ शिरगावच्या फॅब्रिकेटरने 2 लाख 40 हजारांचे कोटेशन दिले आहे. शीट थिनर आणि कॉटन वेस्टने हाताने पुसण्यासाठी ज्या दोन बायका कामावर घ्याव्या लागल्या, त्यांची रोज 450 रुपये मजुरी महिन्याला 26 दिवस धरून चार महिन्यांची 93 हजार 600 रुपये होते. एकूण 4 लाख 28 हजार 500 रुपये, म्हणजे अडवलेल्या रकमेहून 60 हजार 500 रुपये जास्त. करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे भंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेले नुकसानच मिळते, आणि ते कमी राखण्यासाठी तुम्ही काय केले हेही पाहिले जाते. हाताने पुसून काम चालू ठेवले, हे इथे तुमच्या उपयोगी पडेल. गिऱ्हाईक पुढची ऑर्डर देणार होते, नाव खराब झाले, या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांची रक्कम सिद्ध करणे कठीण आहे. त्या दाव्यात घालून मुख्य हिशेब पातळ करू नका.

पण हे सारे एका गोष्टीवर टिकून आहे : शीट खरोखर तेलकट निघते हे तुम्ही तिऱ्हाइताला दाखवू शकता का? समोरचे म्हणणार की तुमचे बोअरचे पाणी जड आहे, केमिकल दुसऱ्याच कंपनीचे वापरले, बाथ (धुण्याचे द्रावण) वेळेवर बदलला नाही. त्यावर तोंडी उत्तर चालणार नाही. तुमच्या कारखान्यात धुतलेल्या शीटवर पाणी सोडून पाहण्याची साधी चाचणी करता येते. शीट उभी धरून तिच्यावर स्वच्छ पाणी सोडले की तेल पूर्ण गेलेल्या शीटवर पाण्याचा एकसंध पडदा पसरतो. जिथे तेल उरले आहे तिथे तो पडदा फाटतो आणि अळूच्या पानावर सुटतात तसे थेंब सुटे होतात. सकाळी पहिल्या शीटवर पडदा अखंड राहतो आणि तासाभराने निघालेल्या शीटवर तो फाटतो, हे तुम्ही लिहिले आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. बाथ 60 अंशांवर असताना मशीन चालू होते, थंड शीट एकामागून एक आत जाऊन उष्णता घेतात, हीटर ती भरून काढू शकत नाही आणि तुमच्याच नोंदीप्रमाणे तापमान 42 अंशांपर्यंत उतरते. अल्कलीचे द्रावण एवढे थंड झाल्यावर गंजरोधक तेल नीट सोडवत नाही. 9 जूनला फक्त पाच शीट चालवल्या होत्या. पाच शीटमध्ये हा दोष दिसणे शक्यच नव्हते. रिपोर्टवरच्या सहीला खरे उत्तर हेच आहे.

म्हणून चार्टर्ड इंजिनियरला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जाणकाराला बोलावून सलग दोन तास मशीन चालवा, दर दहा मिनिटांनी बाथचे तापमान लिहा, त्या त्या वेळच्या शीटवर पाण्याची चाचणी घ्या, काही शीट कोटिंग करून त्यावर चौकटी काप देऊन चिकटपट्टी लावून ओढण्याची चाचणी करा आणि त्या शीट क्रमांक घालून जपून ठेवा. पाण्याचा जडपणा, केमिकलची बिले आणि बाथ बदलल्याच्या तारखाही अहवालात येऊ द्या. हा अहवाल हाती येईपर्यंत मशीनमध्ये स्वतः कोणताही बदल करू नका. आधी दुरुस्ती आणि मग तपासणी, असे झाले तर तपासायला दोषच उरणार नाही.

नोटिशीतील धमकी कुठवर खरी आहे तेही पाहू. एमएसएमई कायद्याच्या विलंबित देण्याच्या तरतुदींचा लाभ सूक्ष्म आणि लघु पुरवठादारालाच मिळतो, मध्यम उद्योगाला मिळत नाही. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा 25 कोटींची गुंतवणूक आणि 100 कोटींची उलाढाल अशी आहे. त्यांचा उद्यम क्रमांक (या उद्योगांचा नोंदणी क्रमांक) आणि वर्गवारी उत्तरातच मागा. ते याच कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे गेले, तर कलम 18 प्रमाणे पुरवठादार जिथला आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो, खरेदीदार देशात कुठेही असो. म्हणजे कोल्हापूरहून तिकडे हजर राहावे लागेल. तिथली एकही नोटीस घरी ठेवून देऊ नका. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला आणि तो रद्द करून घ्यायचा झाला, तर कलम 19 प्रमाणे आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. परिषदेपुढे तुमचा प्रतिदावा मात्र चालतो. शिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. 4 लाख 28 हजार 500 चा तुमचा सगळा हिशेब तिथेच मांडायचा. त्यांनी परिषद सोडून न्यायालयाची वाट धरली, तर रक्कम 3 लाखांवर असल्यामुळे तो व्यापारी वाद ठरतो आणि व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तुमच्याकडून स्वतंत्र दावा आत्ता दाखल करावा असे मला वाटत नाही. मात्र मुदत तीन वर्षांची आहे, एवढे लक्षात असू द्या.

बिलाच्या तळाशी त्यांच्या शहरातील न्यायालयाचा अधिकार छापलेला आहे, पण तुम्ही सही केलेल्या पीओत तसे काही नाही. व्यवहार ठरून गेल्यावर बिलावर छापून आलेली ओळ तुमच्यावर बंधनकारक नाही, हे उत्तरात नोंदवा.

ग्राहक आयोगाचा मार्ग तुम्हाला खुला नाही. व्यापारी हेतूने केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मधून वगळलेली आहे, आणि स्वयंरोजगाराचा अपवाद चौदा कामगारांच्या कारखान्याला लावून घेणे कठीण आहे. कारखान्यासाठी घेतलेल्या मशीनचाच प्रश्न लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्स प्रकरणात 1995 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता आणि निकाल खरेदीदाराच्या विरुद्ध गेला. पोलिसांकडेही जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू लागतो. दोन वेळा इंजिनियर पाठवणाऱ्याबद्दल तो दाखवता येणार नाही.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, तरी सांगतो. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पूर्ण रक्कम दिली नाही, तर न दिलेल्या भागापुरते जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते. 2 जूनच्या बिलाचे 180 दिवस 29 नोव्हेंबरला पुरे होतात. पुढे पैसे दिले तर ते क्रेडिट पुन्हा घेता येते. तुमच्या सीएंशी या आठवड्यातच बोला. दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. धुण्याचे पाणी सध्या प्लॉटमागच्या गटारीत सोडतो, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. धातूची सफाई आणि डिग्रीसिंग (तेल काढणे) यांतून निघणारे आम्लधर्मी व अल्कलीयुक्त अवशेष 2016 च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, आणि सांडपाण्यासाठी जल कायदा, 1974 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तुमची वसाहत पंचगंगेच्या खोऱ्यात आहे आणि त्या नदीचे काय झाले आहे ते आपण सगळे पाहतो. वाद असो नसो, ते पाणी आजपासून टाकीत साठवून अधिकृत विल्हेवाटीकडे पाठवा. समोरच्या पक्षाच्या हाती हा मुद्दा लागण्याची वाट पाहू नका.

नोटिशीचे उत्तर पंधरा दिवसांच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने जाऊ द्या. त्यात 14 जूनची हरकत, हीटर बदलण्याचे आश्वासन, पीओतील वाक्य आणि वरचा हिशेब येऊ द्या. ‘पैसे देणार नाही’ असे न लिहिता वस्तुविक्री कायद्याच्या कलम 59 प्रमाणे किंमत कमी करून मागत आहे, असे लिहा. तपासणीची तारीख आणि वेळ ठरवून त्यांच्या इंजिनियरला हजर राहण्याचे निमंत्रण त्याच पत्रात द्या, आणि ते आले नाहीत तरी ठरल्या वेळी मशीन चालू करा.