मळणी यंत्रावर दिवसभर काम करताना कानांसाठी प्लग घ्यावेत की मफ?

तुम्ही विचारले आहे की तुमच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा हडंबा (मळणी यंत्र) आहे, हंगामात तुम्ही आणि तुमचे वडील दिवसभर त्याच्यापाशी उभे असता, तर कानांसाठी कानात घालायचे इअर प्लग घ्यावेत की कानांवरून बसणारे इअर मफ. मफ घ्या. त्याची कारणे पुढे देतोच. परंतु तुमच्या प्रश्नात फक्त तुमचा आणि वडिलांचा उल्लेख आहे, आणि हडंबा दोन माणसांत चालत नाही. गंजीवरून माल ओढून देणारे, तो यंत्राच्या तोंडात लोटणारा, कट्टे भरणारे आणि भुसकट सारणारे असे निदान पाच-सहा जण त्यावर असतात. त्यांतल्या सर्वांत वाईट जागी यंत्राचा मालक सहसा उभा नसतो. तुम्ही दोन मफ घेऊन थांबू नये, एवढ्यासाठी हे उत्तर लांबवत आहे.

माझा थोरला भाऊ लातूर जिल्ह्यात आमच्या चुलत्यांच्या हडंब्यावर तरुणपणापासून माल लोटण्याचे काम करत असे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, नंतर तूर, मग हरभरा, ज्वारी आणि गहू असा यंत्राचा फेरा गावोगाव चाले आणि दादा त्याच्याबरोबर असे. लोटणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर ड्रम फिरत असतो आणि बाजूला ट्रॅक्टरचे इंजिन पूर्ण रेसवर असते. दादाच्या नेहमीच्या जागेवर ट्रॅक्टर डाव्या हाताला येई. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तो डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळून घेई आणि कान झाकले गेल्यामुळे आवाजही अडतो, अशी त्याची आणि सगळ्यांचीच समजूत होती. रुमालाने धूळ अडते, आवाज अडत नाही. कापसाच्या बोळ्याचेही तेच. त्याने जेमतेम काही डेसिबल कमी होतात.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या कानांना दडे बसलेले असत आणि सकाळपर्यंत ते सुटत. ते सुटतात म्हणून कोणी त्याची काळजी करत नाही, पण खरी धोक्याची सूचना तीच असते. पुढे ते पूर्ण सुटेनासे झाले आणि रात्री कानात बारीक शिट्टी वाजू लागली. तरीही तो बहिरा झाला असे घरात कोणाला वाटले नाही, कारण त्याला म्हशीचे हंबरणे ऐकू येई, लांबच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येई. कळत नसे ते स्वतःच्या लहान मुलीचे बोलणे. अशा नुकसानीत बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बोलण्यातले स्वर कानावर पडतात, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने गळून जातात, त्यामुळे माणसाला कोणी तरी बोलल्याचे कळते, काय बोलले ते कळत नाही. आमचे चुलते चारचौघांत म्हणत, “त्याला सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते.” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

शेवटी मी त्याला लातूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घेतली. कागदावर दोन्ही कानांच्या रेषा होत्या; रेष जितकी खाली, तितके ऐकू कमी, आणि हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. २५०, ५००, १००० हर्ट्झपर्यंत त्या वरच्या बाजूला जवळजवळ सरळ होत्या, ३००० पाशी खाली झुकत होत्या, ४००० वर खड्ड्यात पडल्यासारख्या खोल जात होत्या आणि ८००० ला पुन्हा थोड्या वर येत होत्या. डाव्या कानाचा खड्डा अधिक खोल होता. आम्ही काही सांगण्याआधीच डॉक्टरांनी विचारले, “मळणीवर असता का, की गिरणीत?” कागद घरी आणून चुलत्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की वय झाले की सगळ्यांचेच असे होते. दादाने त्या वेळी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. शिवाय वयाने जाणाऱ्या श्रवणशक्तीची रेषा ८००० कडे उतरतच जाते. ४००० वरचा खड्डा आणि पुढचा चढ ही आवाजाने झालेल्या इजेची खूण आहे. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की मेल्या. कापलेल्या ज्वारीला फुटवा येतो, तसा या पेशींना येत नाही, आणि त्यावर गोळी नाही की शस्त्रक्रिया नाही. श्रवणयंत्राने मदत होते, पण गेलेले परत येत नाही.

भरपाईचा मार्गही जवळपास बंद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ‘ऐकू कमी येणे’ या प्रकारात बसण्यासाठी दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलची घट लागते, आणि ती बोलण्याच्या पट्टीत मोजतात; ज्याच्या खालच्या पट्ट्या शाबूत आहेत, तो त्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात, परंतु तिथे अपघात दाखवावा लागतो, आणि कान अपघाताने जात नाहीत, हंगामाहंगामाने जातात. मळणी यंत्रात हात तुटू नयेत म्हणून १९८३ साली घातक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ती मर्यादा शेताच्या बांधापर्यंत येत नाही, म्हणून ती जबाबदारी यंत्राच्या मालकाने घ्यायची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकड्यांचे सांगतो. ट्रॅक्टरवरच्या मळणी यंत्रापाशी आवाज साधारण ९० ते १०० डेसिबल असतो. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. आपल्याकडे मळणी सकाळी सुरू होते आणि पावसाचे चिन्ह असेल तर रात्री दिवे लावून चालते.

चुलत्यांशी माझा वाद मुख्यतः दोन मुद्द्यांवर होता, आणि तुमच्या गावातही हेच दोन मुद्दे तुम्हांला ऐकवले जातील. पहिला असा, की कान झाकल्यावर यंत्राचा आवाज कळणार नाही आणि ड्रम चोक झाला तरी समजणार नाही. हे चुकीचे आहे. मफ यंत्र मुके करत नाही, त्याचा आवाज खाली आणतो. ओले सोयाबीन आले की ड्रमचा आवाज जड होतो आणि इंजिन दबते, आणि हा फरक मफमधून उलट स्वच्छ कळतो, कारण कान आवाजाने बधिर झालेले नसतात. आता दादाचा स्वतःचा हडंबा आहे आणि त्यावर प्रत्येक माणसाच्या डोक्यावर मफ असतो; माल अडकल्याचे सर्वांत आधी लोटणाऱ्यालाच कळते आणि तो हात वर करतो. हात वर झाला की ट्रॅक्टरवाल्याने पीटीओ, म्हणजे यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, बंद करायचा, एवढी एक खूण ठरवून घेतली की ओरडण्याची गरजच राहत नाही.

दुसरा मुद्दा असा, की मजुरांना दिले तरी ते काढून ठेवतात. काढून ठेवतात, कारण मालक एकच स्वस्त मफ आणून सगळ्यांत फिरवतो, त्याच्या गाद्या कडक झालेल्या असतात आणि मालकाच्या स्वतःच्या डोक्यावर तो नसतो. ज्याचा त्याला मफ द्या, स्वतः घाला, मग पाहा. यंत्राच्या एका चांगल्या पट्ट्याला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात कामचलाऊ मफ येतो. पट्टा तुटला तर मालक त्याच दिवशी तालुक्याला गाडी पाठवतो. माणसाच्या कानांसाठी तेवढी घाई करायला काय हरकत आहे?

प्लगपेक्षा मफ चांगला असे मी म्हणतो ते मळणीपुरते. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करावा लागतो, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून तो आत सरकवावा लागतो आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावा लागतो. धुळीने आणि घामाने भरलेल्या हातांनी दर चहाला हे कोणी करत नाही, आणि केले तर ती घाण कानात जाते. पाकिटावर एनआरआर म्हणून किती डेसिबल आवाज अडतो याचा जो आकडा असतो, तो प्रयोगशाळेतला असतो. मफसाठी त्यातून पाव भाग वजा करावा आणि फोमच्या प्लगसाठी निम्मा. मफ आधी थेट कानावर बसवावा आणि रुमाल त्याच्यावरून बांधावा. रुमाल, टोपी किंवा केसांची बट गादीखाली आली की फटीतून आवाज आत येतो. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण हिशेब तसाच आहे: ३० डेसिबल अडवणारे साधन आठ तासांतला फक्त अर्धा तास काढून ठेवले, तरी दिवसभराचे संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. म्हणून थोडे कमी अडवणारे पण दिवसभर सहन होणारे साधन घ्यावे.

मोबाइलचे इअरफोन लावून गाणी ऐकत मळणी करणारी मुले मी पाहतो. ते संरक्षण अजिबात नाही. यंत्राच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून ती आवाज आणखी वाढवतात आणि दुहेरी मार बसतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे सांगतो. कान वाहत असेल तर प्लग अजिबात घालू नये. दोरी असलेले प्लग फिरत्या शाफ्टजवळ वापरू नयेत आणि रुमालाची टोकेही खोचून घ्यावीत. ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा असेल, तेव्हा मफ उतरवावा. एका दिवसात अचानक ऐकू येणे बंद झाले, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे. ज्याला आधीच कमी ऐकू येते, त्याला मफ घातल्यावर माणसांचे बोलणे आणखी कमी कळते, हे खरे आहे. चुलत्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर एवढेच. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे आधी तपासून घ्या. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांची आणि तुमची ऑडिओमेट्री करून घ्या, त्याआधी किमान १४ तास यंत्रापासून दूर राहा, म्हणजे तात्पुरत्या दड्यांमुळे निकाल चुकणार नाही. तो कागद जपून ठेवा आणि दर वर्षी नवा कागद त्याच्याशी ताडून पाहा. ज्या माणसाला तुम्ही यंत्राच्या तोंडाशी उभे करता, त्यालाही त्याच दिवशी बरोबर न्या आणि त्याच्या तपासणीचे पैसे तुम्हीच भरा.