आजी सगळ्यांना गाव का विचारते?

चि. सईस,

परवा फोनवर तू जरा चिडूनच विचारलंस, की आजी भेटेल त्याला "मूळ गाव कुठलं तुमचं?" असं का विचारते. मंडळाच्या गणपतीत एका नव्या बाईंना तिने गाव विचारलं, मग आडनाव, मग "देवरुखच्या खालच्या आळीतल्यांच्या कोण तुम्ही?" आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे अमेरिकेत हा प्रश्न म्हणजे "तू इथली नाहीस" असं सुनावणं असतं, असं तू म्हणालीस. खरं आहे. तुला तो शाळेत तसाच विचारला गेलाय, हे मी विसरलेले नाही.

तू ज्या विमानतळावरून शिकागोला जातेस, तो ज्याच्या नावाचा आहे, त्या फिओरेल्लो ला गार्डियाची गोष्ट सांगते. १९३४ ते १९४५, लागोपाठ तीन वेळा तो न्यूयॉर्कचा महापौर होता. जन्म न्यूयॉर्कचा, १८८२ चा. वडील इटलीचे, आई तेव्हा ऑस्ट्रियात असलेल्या त्रिएस्त शहरातल्या ज्यू घरातली. वडील अमेरिकन सैन्यात बँडमास्टर होते, म्हणून तो वाढला ॲरिझोनात, प्रेस्कॉटच्या छावणीत. तिथे एकदा माकड घेऊन बाजाची पेटी वाजवणारा एक इटालियन आला. पोरांनी लगेच फिओरेल्लोला चिडवायला सुरुवात केली, "हा तुझ्यातला." तेवढ्यात वडील आले, त्या माणसाशी इटालियनमध्ये गप्पा मारायला लागले आणि त्याला थेट घरी मॅकरोनी खायला घेऊन गेले! पोरं त्यानंतर कितीतरी दिवस त्याला चिडवत होती.

सई, आजी करते ते हेच. कित्येक वर्षांत आपली बोली बोलायला न मिळालेल्या माणसाला ती बोलणारा कुणी भेटला की काय होतं, ते त्या बँडमास्टरला ठाऊक होतं. आपल्याकडे गाव विचारतात ते ओळखीचा धागा शोधायला. गावावरून नाही जमलं तर तालुका, तालुक्यावरून नाही तर कुणाचं तरी माहेर. धागा सापडला की माणूस परका राहत नाही आणि चहाला थांबतो. पोराला मात्र तेव्हा लाजच वाटते, तुझ्यासारखी. महापौर झाल्यावर ला गार्डियाने शहरातल्या या पेटीवाल्यांचे परवानेच बंद केले. मला त्याची ही गोष्ट आवडत नाही, पण ती जखम किती खोल होती ते कळतं.

तरुणपणी दिवसा तो एलिस बेटावर, म्हणजे परदेशातून आलेल्यांची तपासणी होई त्या न्यूयॉर्कच्या बंदरातल्या बेटावर, दुभाषा म्हणून काम करायचा आणि रात्री कायदा शिकायचा. बोटीतून उतरलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचा: इटालियन, क्रोएशियन, जर्मन, यिडिश. लग्न लावायला आलेल्या जोडप्यांबरोबर त्याला नगरपालिकेत जावं लागे. तिथले काही नगरसेवक दारू पिऊन त्या बिचाऱ्यांची टवाळी करत, विधीत अचकट विचकट शब्द घुसडत. त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे तो त्याच इमारतीत महापौर म्हणून बसला.

पण गाव विचारण्याच्या या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे, आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही. तेव्हा न्यूयॉर्कवर टॅमनी हॉल नावाच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचं राज्य होतं. तिथेही विचारत, तू कुणाचा? आमच्या वस्तीतला, आमच्या मतांचा असलास तर नोकरी. आपण याला वशिला म्हणतो आणि आपल्याकडेही गाव विचारता विचारता बरेचदा जात चाचपली जाते. तेव्हा मला आजीचासुद्धा राग येतो, आणि मी तिला तसं सांगितलंय. ला गार्डियाने पालिकेच्या नोकऱ्यांना परीक्षा लावल्या. १९३९ साली त्याने जेन बोलिन यांना न्यायाधीश नेमलं. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. त्याआधी, १९२२ च्या अमेरिकी संसदेच्या निवडणुकीत, विरोधकांनी तो ज्यूंचा शत्रू असल्याचं पसरवलं, तेव्हा आपली आई ज्यू होती हे सांगून मतं मागणं त्याला सहज शक्य होतं. त्याने तसं केलं नाही. "माझ्याशी यिडिशमध्ये जाहीर वाद घाला," असं आव्हान दिलं. विरोधक स्वतः ज्यू, पण त्याला ते झेपण्यासारखं नव्हतं.

आणि हाच माणूस डिसेंबर १९४१ मध्ये, जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला त्याच दिवशी, शहरातल्या जपानी नागरिकांना घराबाहेर पडू नका म्हणून फर्मावतो, त्यांचे क्लब आणि उपाहारगृहं बंद करतो. इतक्या भाषा येणाऱ्या, एलिस बेटावर रडणारी माणसं पाहिलेल्या माणसाने हे केलं, याचं मला फार वाईट वाटतं. मूळ विचारून चहाला बोलावता येतं, नोकरी देता येते आणि दाराला कडीही घालता येते. शाळेत तुला विचारणारी मुलगी कडी घालत होती. आजी तसं करत नव्हती. तुला जो फरक आतून जाणवला, तो बरोबरच होता. फक्त प्रश्न ऐकायला एकसारखा असल्यामुळे तू आजीवर रागावलीस.

आता कुणी मराठी माणसाने तुला गाव विचारलं तर काय सांगायचं, हे तू स्वतःहून विचारलं नाहीस, पण ते तुला कधीतरी अडणार. ला गार्डियाकडे सांगण्यासारखं बरंच होतं: जन्माचं न्यूयॉर्क, वडिलांचं इटली, आईचं त्रिएस्त. तो मात्र आपलं गाव प्रेस्कॉट मानायचा, जिथे वाढला ते. म्हणून तू बिनदिक्कत न्यूयॉर्कमधलं आपलं जॅक्सन हाइट्स सांग. पुढे विचारलंच तर बाबांचं मिरज, माझं माहेर देवरुख. आणि मग तूही त्यांना त्यांचं विचार.

तुझी
आई