गरम झाल्यावर ऑईल प्रेशर पडतंय? पंप बदलण्याआधी क्रँक मोजा

दादा, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. जुनी टाटा १२१० ट्रक, ६९७ इंजिन, लांज्याकडून वर कोल्हापूरला चिऱ्याची (जांभा दगडाची) वाहतूक. पावसाळ्यात फुल इंजिन काम करून घेतलंत. सकाळी स्टार्ट केल्यावर ऑईल प्रेशरचा काटा चार किलोवर, आंबा घाट अर्धा चढला की दीडवर, आणि माथ्यावर गाडी आयडलला आणली की जवळजवळ शून्यावर. मिस्त्रीने एक ऑईल पंप बदलला, फरक पडला नाही, आता दुसरा आणायला सांगतोय.

दुसरा पंप आणू नका. निदान क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) मोजल्याशिवाय तरी आणू नका. हेच दुखणं माझ्या गाडीने काढलंय आणि त्यात माझा चिऱ्याचा अख्खा हंगाम गेला. म्हणून हे लांबलचक लिहितोय. ऑईलची लेव्हल, फिल्टर, ऑईलचा ग्रेड हे तुम्ही पाहिलं असणारच, त्यात शिरत नाही. आणि आधीच सांगतो, मी शिकलेला इंजिनिअर नाही. गाडीमालक आहे, गाडी स्वतः चालवतो आणि इंजिन खोललं की मिस्त्रीच्या बाजूला उभा राहतो. शेवटचं माप नेहमी मॅन्युअलमधलंच धरा, माझ्या तोंडचं नको.

थंड असताना चार आणि गरम झाल्यावर शून्य असं का होतं, ते आधी पाहू. १५डब्ल्यू-४० ऑईल ४० अंशांना जेवढं जाड असतं, त्याच्या सात-आठ पट पातळ ते १०० अंशांना होतं. थंड ऑईल जाडसर असतं, त्यामुळे क्रँक आणि बेअरिंगमधली फट थोडी जास्त असली तरी ते तिथून सहज निसटत नाही आणि गेजला सगळं ठीक दिसतं. तापलं की तेच ऑईल त्या फटीतून धो धो खालच्या चेंबरमध्ये (ऑईलच्या टाकीत) पडतं. फट वाढली की गळती नुसती त्या प्रमाणात वाढत नाही, घनाने वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. जिथे ०.०६ मिलिमीटर हवं तिथे ०.१० झालं, तर साडेचार पटीहून जास्त ऑईल वाया जातं. ०.०४ चा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. नवाकोरा पंप लावला तरी तो ही गळती भरून काढू शकत नाही.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. क्रँक ग्राइंडिंगला घाटावरच्या एका शहरात दिला होता. नाव लिहीत नाही, कारण भांडण उकरून काढायचं नाही. क्रँक परत आला तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती, त्यावर फक्त "०.५० ओके", म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर कमी. कुठल्या जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाचं) माप किती, ते नाही. सहाही पिनांची (जिथे पिस्टनचे रॉड बसतात) मापं नाहीत, मेनची (जिथे क्रँक ब्लॉकमध्ये बसतो) नाहीत. ०.५० साईजची बेअरिंगं आणली, इंजिन बांधलं, सकाळी प्रेशर झकास. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याकडे आत्ता तेच चाललंय.

पंप बदलला, रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बदलली, कुणीतरी सांगितलं म्हणून ऑईल कूलरचे पाईपही काढून पाहिले. ग्राइंडिंगवाल्याकडे गेलो तर त्याने बोट दाखवलं बेअरिंगकडे. बेअरिंगचा विक्रेता बोट दाखवी मिस्त्रीकडे. मिस्त्री पंपाकडे. हे वर्तुळ फिरत राहिलं आणि गाडी मात्र माल भरून घाट चढत होती, कारण खाणीवाल्याला दिलेला शब्द होता. शेवटी घाटात एका रॉडचं बेअरिंग जागेवरून फिरलं. ब्लॉक वाचला हे नशीब, पण क्रँक भंगारात गेला.

खरा प्रकार त्यानंतर कळला. कणकवलीकडचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांनी ऐकताक्षणीच विचारलं, "पंपाक कित्याक दोष देतस? आधी क्रँक मोज." मेलेला क्रँक मायक्रोमीटरने मोजला. दोन पिनांवर ओरखडे खोल होते, ते काढायच्या नादात ग्राइंडिंगवाल्याने ०.५० च्या खाली ग्राइंडिंगचा दगड नेला होता. तिथे त्याने आम्हाला फोन करायला हवा होता की दादा, हा आता ०.७५ मध्येच बसेल, बेअरिंग त्या साईजची आणा. पाऊण तासाचं जादा काम होतं. त्याऐवजी चिठ्ठीवर "ओके" लिहून मोकळा झाला. वर त्याच पिनांच्या कोपऱ्यातली गोलाई गेलेली. पिन आणि वेब (पिनेला धरणारी बाजू) जिथे मिळतात तिथे छोटी गोलाई ठेवावी लागते. दगडाची कड त्या आकारात घासून घेतली नाही तर तिथे धारदार कोपरा पडतो आणि क्रँकला तडा जायचा झाला तर बहुतेक तिथूनच जातो. म्हणजे बेअरिंग फिरलं नसतं तर कधीतरी क्रँकच तुटला असता. उतारावर तुटला असता तर काय, हा विचार अजूनही येतो.

या माणसाचा मला राग आहे तो पैशापेक्षा लपवण्याचा. माप चुकतं, यंत्रावर काम करणाऱ्या कुणाचंही चुकतं. पण ज्याच्या हातात मायक्रोमीटर आहे त्याने आकडा लिहून द्यायलाच हवा. त्या आकड्यावर कित्येक टनांचा माल आणि गाडीत बसलेली माणसं अवलंबून असतात.

तर तुम्ही आता असं करा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, ब्लॉकच्या ऑईल गॅलरीला (ऑईलच्या मुख्य वाटेला) साधं मेकॅनिकल गेज लावून इंजिन पूर्ण तापल्यावर पाहा. हजार आरपीएमला १० पीएसआय हा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे दोन हजारला वीसच्या खाली असेल तर गाडी माल भरून काढूच नका. मग डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढत असेल तर नोझल किंवा डिझेल पंप ऑईलमध्ये डिझेल सोडतोय, आणि मग क्रँक निर्दोष असू शकतो. हे तपासायला काही खर्च नाही, म्हणून आधी. रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्यात कचरा अडकलाय का पाहा. हे सगळं ठीक निघालं तर चेंबर उतरवा, पंपाच्या सक्शन पाईपचा जोड हवा ओढतोय का पाहा, आणि एका मेनच्या, एका रॉडच्या बेअरिंगची कॅप काढा.

कॅप काढल्यावर प्लास्टिगेजची (मऊ प्लास्टिकची बारीक) तार टाकून, ठरलेल्या टॉर्कने कॅप पुन्हा आवळून उघडली की चपट्या झालेल्या तारेवरून फट कळते. तार स्वस्त मिळते. तार ठेवून कॅप आवळलेली असताना क्रँक अजिबात फिरवायचा नाही. पण निव्वळ तारेवर थांबू नका. क्रँक बाहेर काढावा लागला तर प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, उभं आणि आडवं असं मोजून वहीत लिहा. उभ्या-आडव्यात फरक आला तर जर्नल लंबगोल झालाय. क्रॅक टेस्ट करून घ्या. ती सोय जवळ नसेल तर निदान क्रँक टांगून हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजला तर बरं, बद्द वाजला तर संशय धरा. मात्र ही परीक्षा पक्की नाही, बारीक तडा आवाजात सापडत नाही.

बेअरिंगच्या पाठीवर साईज कोरलेली असते, तीही वाचा. आणि भाग मागताना ६९७ असं स्पष्ट सांगा. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), १२८ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). ६९२ त्याच घराण्यातलं, पण आधीचं आणि लहान आहे. दुकानात दोन्ही "टाटाचं सहा सिलिंडर" या एकाच नावाने पुढे येतात.

जाड ऑईल घालून काटा वर आणायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. माझं मत स्पष्ट आहे, ते दुखणं झाकणं आहे. काटा वर येतो, फट तिथेच राहते.

पावसाळ्यात इंजिन खोलणाऱ्या कोकणातल्या सगळ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. खाणी बंद असतात म्हणून आपण सगळे जून-जुलैमध्येच इंजिन उघडतो आणि तेव्हाच हवेत सर्वांत जास्त ओल असते. किनाऱ्याजवळ असाल तर वर खारी हवा. होनिंग करून (आतून घासून) घेतलेला बोअर आणि ग्राइंड केलेला जर्नल कोरडा ठेवला तर रात्रीत तांबूस पडतो. मग मिस्त्री पॉलिश पेपर मारतो आणि माप पुन्हा बिघडतं. ग्राइंडिंगवाल्याच्या दारातच क्रँकला जाड ऑईल चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आडवा टाकून ठेवू नका, उभा किंवा टांगून ठेवा. बांधण्याआधी क्रँकमधली ऑईलची भोकं तारेचा ब्रश घालून धुवा, ग्राइंडिंगचा चुरा तिथे बसलेला असतो आणि पहिल्याच दिवशी नवी बेअरिंगं ओरबाडतो. ट्रॉलरवर जुनी ट्रकची इंजिनं चालवणाऱ्या मिरकरवाडा, हर्णै बंदरांच्या मंडळींनाही हे लागू आहे, त्यांची मासेमारी बंदीही १ जून ते ३१ जुलैचीच.

गाडी चालवण्याबद्दल थोडंसं, कारण चांगलं बांधलेलं इंजिनही घाटात मारता येतं. आपल्याकडे बरेच ड्रायव्हर डिझेल वाचवायचं म्हणून चढावर वरचाच गिअर धरून ठेवतात, इंजिन गुरगुरतं, आरपीएम हजाराच्या आसपास, पाय पूर्ण दाबलेला. बेअरिंगसाठी याहून वाईट काही नाही. पिस्टनचा दाब सर्वांत जास्त आणि ऑईलची फिल्म सर्वांत पातळ, दोन्ही एकाच वेळी. वेग पडायच्या आधीच खालचा गिअर घ्या. माथ्यावर पोचल्यावर लगेच बंद करू नका, थोडा वेळ चालू ठेवा. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, न्यूट्रल कधीच नको. काम झाल्यावर पहिले काही दिवस नुसतं आयडलला तासन् तास चालवून रनिंग-इन होतं (नवं काम रुळतं) असं सांगतात, पण त्याने पिस्टनच्या रिंग बसत नाहीत आणि बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. हलका माल, बदलता वेग, आणि पहिलं ऑईल लवकर बदला. काही जुने मिस्त्री यावर माझ्याशी वाद घालतील, पण मला आलेला अनुभव हा आहे.

क्रँक गेला असेल तर भंगारातला घेऊ नका असं मी म्हणत नाही, सगळ्यांना नवा परवडत नाही. पण आधी मोजा, मग पैसे द्या, आणि ज्या ग्राइंडिंगवाल्याकडे द्याल त्याच्याकडून मेन आणि पिन मिळून प्रत्येक जर्नलचा आकडा सहीसह लिहून घ्या. नाही म्हणाला तर क्रँक उचलून दुसरीकडे जा, भाडं वाया गेलं तरी चालेल.

कॅप काढल्यावर तारेची मापं आणि बेअरिंगच्या पाठीवरचा नंबर कळवा. माझ्या जुन्या क्रँकची सगळी मापं वहीत आहेत, ताडून सांगतो. तोवर गाडी रिकामीसुद्धा घाटात नेऊ नका.