‘पिक्चर खोटा आहे’ हे माहीत असूनही झोप येत नाही, तेव्हा

"मॅडम, पिक्चर खोटा असतो हे त्याला कळतं. नववीत आहे! तरी आठ दिवस झाले, रात्री बाथरूमला जाताना मला दाराशी उभं करतो."

आई दमली होती. मुलगा मान खाली घालून बसला होता.

मावसभावांसोबत त्याने २००७ चा स्पॅनिश हॉरर पिक्चर ‘रेक’ पाहिला होता. बार्सिलोनातली इमारत, अग्निशमन दलाबरोबर शूटिंगला गेलेली टीव्ही वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन, बाहेरून सील झालेली दारं, आत एकेकाला होणारा संसर्ग. एका भावाला तो भारी वाटला, दुसऱ्याला बोअर. बाबा म्हणाले, "एवढं काय घाबरायचं?" याला काय वाटलं, ते कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाकीच्या हॉररमध्ये म्युझिक वाढलं की कळतं, आता काहीतरी येणार. यात तसं नाही. व्हॉट्सॲपवर खरा व्हिडिओ आल्यासारखं वाटतं."

किती नेमकं सांगितलं त्याने! हलणाऱ्या कॅमेऱ्यातलं दृश्य खरं मानायची आपल्या डोळ्यांना सवयच लागली आहे. म्हणून ‘खोटं आहे’ असं शंभरदा सांगून भीती जात नाही. खोटं आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं. आई दाराशी उभी राहिली की तेवढ्यापुरतं बरं वाटे, पण मन शिकत होतं, ‘आई होती म्हणून वाचलो.’

त्याला छळत होती ती शेवटची काळोखी खोली आणि तिथली हाडकुळी आकृती. ती भूमिका हाविएर बोतेत या नटाने केली आहे. मार्फान सिंड्रोम या जनुकीय विकारामुळे त्याचे हातपाय लांब, बारीक आहेत. दिवसाउजेडी आईबरोबर त्याने या नटाचे साधे फोटो पाहिले. काही प्रसंगांत पुढे काय घडणार हे दिग्दर्शकांनी कलाकारांनाही सांगितलं नव्हतं, हे मी सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

"म्हणजे ते पण खरंच दचकले?"

आईची जागा हळूहळू मागे नेली: दारातून हॉलमध्ये, मग तिच्या अंथरुणावर. दिवा राहू दिला. बाबांना एवढंच सांगितलं, घरात ‘भित्रा’ हा शब्द नको. महिना उलटूनही झोप किंवा शाळा बिघडलेली असती, तर मी मूळ दुसरीकडे शोधलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून बोलला, "पिक्चर चांगला आहे, मॅडम. पण परत नाही बघणार."

"आणि दिवा कधी बंद करायचा?" आईने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. "परीक्षा झाल्यावर," तो म्हणाला.