‘ऑन द वॉटरफ्रंट’ : पाहण्याआधी आणि पाहिल्यावर

इलिया कझानच्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’बद्दल (१९५४) तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. न्यूयॉर्कसमोरच्या होबोकनची गोदी, ती मुठीत ठेवणारी गुंडांची युनियन आणि तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहणारा माजी बॉक्सर टेरी मलॉय, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. बाकीचं बरंचसं ऐकीव. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : या चित्रपटाला ऑस्कर नक्की किती? संगीतालाही मिळालं होतं ना? (विद्यार्थिनी, सांगली)

आठ; नामांकनं बारा. लिओनर्ड बर्नस्टाइनच्या संगीताला फक्त नामांकन होतं.

प्रश्न : टॅक्सीतला प्रसिद्ध संवाद मार्लन ब्रँडोने ऐनवेळी स्वतःच रचला, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का? (नाशिक)

व्हिडिओत ऐकलेलं आधी तपासत जा. ‘मीही कुणीतरी झालो असतो’ हे टेरीचं (म्हणजे ब्रँडोच्या पात्राचं) दुखणं पटकथाकार बड शुलबर्गच्या लेखणीतून आलेलं आहे. शुलबर्ग बॉक्सिंगचा जाणकार होता, त्या जगावर त्याने कादंबरी लिहिली होती. टेरीने मुद्दाम हरलेल्या लढतीची ती सल शुलबर्गच्या ओळखीच्या जगातली आहे. टेरीचा मोठा भाऊ चार्ली त्याच्यावर पिस्तूल रोखेल हे पटत नव्हतं, म्हणून प्रसंग बदलला, असं ब्रँडो आत्मचरित्रात सांगतो. शुलबर्गला हा दावा मान्य नव्हता. भावाचं काम करणाऱ्या रॉड स्टायगरची तक्रार वेगळीच होती : त्याचे क्लोज-अप घ्यायच्या वेळी ब्रँडो सेटवरून निघून गेला होता. टॅक्सीच्या मागच्या काचेवर पट्ट्यांचा पडदा दिसतो, कारण बाहेरचा रस्ता दाखवायची सोय निर्माता सॅम स्पीगलने केलीच नव्हती. पटकथा पुस्तकरूपात छापलेली आहे. ती मांडीवर घेऊन प्रसंग बघा, कोणाचं काय हे समोर येईल.

प्रश्न : माझ्याकडच्या डिस्कवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. दुकानदार म्हणतो, ‘फुल स्क्रीन’ करून देतो. करून घेऊ का? तसंच मोबाइलवर या चित्रपटाचे उभे तुकडे फिरतात, ते बघायला हरकत नाही ना? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

करून घेऊ नका. आणि उभे तुकडे बघायला माझी सक्त हरकत आहे.

हा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत पडदे रुंद होत होते. जुनी चौकट चाराला तीन अशी, जवळपास चौकोनी. नवीन थिएटरं त्याच फिल्मचा वरचा आणि खालचा भाग झाकून चित्र रुंद करून दाखवत. प्रत्येक ठिकाणी झाकायचं माप वेगळं. छायाचित्रकार बोरिस कौफमनला हे माहीत होतं आणि कुठेही दाखवला तरी अर्थ शाबूत राहील अशा बेताने त्याने चौकटी बांधल्या. हा माणूस कोण? रशियन दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हचा भाऊ, फ्रान्समध्ये जाँ व्हिगोच्या चित्रपटांचा छायाचित्रकार. आठांतलं एक ऑस्कर त्याचं आहे. जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरिअन कंपनीच्या संचात १.३३, १.६६ आणि १.८५ (उंचीच्या इतक्या पट रुंदी) अशा तिन्ही मापांत चित्रपट दिला आहे, यावरून हा मामला किती नाजूक आहे ते कळावं. तुमच्या टीव्हीवर बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात त्या चित्राचा आकार टीव्हीपेक्षा अरुंद आहे म्हणून. तिथे काहीही गहाळ झालेलं नाही. ‘फुल स्क्रीन’ करणारा एकतर चित्र ताणतो, मग ब्रँडोचा चेहरा भाकरीसारखा पसरतो, किंवा वरून-खालून कापतो. दोन्हीचे तो पैसे घेतो, आणि वर त्याला ‘सुधारित’ म्हणतो.

उभ्या तुकड्यांचं काय होतं तेही बघा. टॅक्सीत दोघे भाऊ शेजारी शेजारी बसलेत. चार्ली पिस्तूल काढतो. टेरी न घाबरता, जवळजवळ मायेने, हाताने ते बाजूला सारतो. उभ्या चौकटीत एका वेळी एकच चेहरा मावतो, बोलणारा. ऐकणारा कापला जातो, आणि हा प्रसंग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उभा आहे. बागेतही तसंच. नायिका इव्हा मेरी सेंटचा पांढरा हातमोजा पडतो, टेरी तो उचलतो, झोपाळ्यावर बसतो, बोलता बोलता स्वतःच्या हातात घालतो. तिला मोजा हवाय, म्हणून ती जाऊ शकत नाही. तो मोजा, तिचं घुटमळणं आणि त्याचा मस्तवाल संकोच एकाच चौकटीत दिसायला हवेत. एवढं कापून टाकल्यावर तुम्ही काय पाहिलंत?

आणखी एक : नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय सुरूच असते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो. ती सोय बंद करा. जमत नसेल तर दुकानदाराकडे जाऊ नका, त्याला नवा सेट विकायचा असतो. जवळच्या फिल्म सोसायटीत प्रोजेक्शन सांभाळणाऱ्याला घरी बोलवा.

प्रश्न : आमिर खानचा ‘गुलाम’ यावरूनच घेतलाय का? (पुणे)

हो. बॉक्सर नायक आणि गुंडाच्या पदरी असलेला मोठा भाऊ, दोघेही तिथलेच.

प्रश्न : कझानने कम्युनिस्ट म्हणून मित्रांची नावं सरकारला दिली आणि मग खबऱ्याला नायक करणारा हा चित्रपट काढला. असा चित्रपट आपण का बघावा? (ठाणे)

प्रश्न रास्त आहे, पण घटनाक्रम नीट लावा. गोदीतल्या गुन्हेगारीवर माल्कम जॉन्सनची लेखमाला ‘न्यूयॉर्क सन’मध्ये १९४८ साली आली, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. कामगारांच्या बाजूने उभा राहणारा जेझुइट पाद्री जॉन कॉरिडन खरा होता. कार्ल माल्डनचा फादर बॅरी त्याच्यावरून घेतला आहे. नाटककार आर्थर मिलरनेही कझानबरोबर गोदीवरची एक पटकथा केली होती. खलनायकांना कम्युनिस्ट करा, असा दबाव आला तेव्हा मिलरने ती मागे घेतली. म्हणजे विषय कझानच्या साक्षीच्या आधीपासूनचा आहे.

पण १० एप्रिल १९५२ला कझानने कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीपुढे ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली, हेही तितकंच खरं. शुलबर्गने आदल्या वर्षी दिली होती. ‘मी केलं त्याचा मला आनंद आहे’ असं टेरी शेवटी ओरडतो तेव्हा तो मीच बोलत होतो, असं कझानने आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय. इथे माझं मत स्पष्ट आहे : ही तुलना टिकत नाही. टेरी खुनी माणसांविरुद्ध साक्ष देतो. कझानने ज्यांची नावं दिली त्यांचा गुन्हा कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असणं एवढाच होता, आणि अशा यादीत नाव गेलं की हॉलिवूडमध्ये काम मिळणं बंद होई. १९९९ साली कझानला मानद ऑस्कर दिलं तेव्हा सभागृहात काही जण हात बांधून बसून राहिले. ते मला समजतं. तरीही चित्रपट बघाच, आणि मत बनवण्याआधी कझान आणि मिलर दोघांची आत्मचरित्रं वाचा. एकाचं वाचून भांडायला येऊ नका.

प्रश्न : आमच्या मंडळात हा चित्रपट दाखवायचाय. सत्तर वर्षं झाली, आता परवानगी कशाला? (औरंगाबाद)

भारतीय कायद्यात चित्रपटाच्या हक्काची मुदत ६० वर्षं आहे हे बरोबर. पण पटकथेची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर मोजतात आणि शुलबर्ग २००९मध्ये गेला. संगीत वेगळं, तुमच्या हातातल्या डिस्कच्या अटी वेगळ्या. कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला विचारा, तेही पत्रिका छापायच्या आधी.

प्रश्न : कॉलेजच्या कपाटात याच चित्रपटाची १६ मिमीची रिळं सापडली. डब्याला आंबूस वास येतो. एकदा लावून बघावं म्हणतो. (प्राध्यापक, सोलापूर)

लावू नका. तो वास व्हिनेगरचा आहे. फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया विघटित होतोय. अशी फिल्म आकसते, कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत आणि फाटतात. भिंतीवर चित्र पाडून कॅमेऱ्याने टिपणाऱ्या ‘डिजिटल करून देतो’वाल्यांकडेही नेऊ नका. वास येणारे डबे बाकीच्यांपासून आजच वेगळे करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. डबे थंड, कोरड्या खोलीत हलवा. डब्यांवरची अक्षरं आहेत तशी उतरवून घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. परीक्षा संपल्यावर बघू, असं कराल तर एक उन्हाळा जाईल, आणि सोलापूरच्या उन्हात विघटन आणखी वेगाने होतं.